पणजीच्या कॅसिनो बोटीवर एक रात्र

कोल्हापूरहून आंबोलीमार्गे पणजीत पोचेपर्यंत अंधार पडला होता. बांदोडकर मार्गाला लागलं की नजर नदीकडेच जाते, मांडवीत डेल्टिन रॉयल, कॅसिनो प्राइड, बिग डॅडी अशा बोटी नांगर टाकून उभ्या आणि सगळ्यांवर नुसता लखलखाट. टॅक्सीवाले दादा पणजीचेच, त्यांना विचारलं तुम्ही गेलाय का कधी आत, तर म्हणाले "आमकां भितर वचपाक मेळना". 1 फेब्रुवारी 2020 पासून गोव्याच्या लोकांना कॅसिनोत खेळायला बंदी आहे, कॅसिनो फक्त बाहेरून आलेल्या पर्यटकांसाठी. आणि त्यांना ते मनापासून पटलेलं होतं, म्हणाले बरंच झालं, नायतर आमची पोरं पगार घेऊन थेट तिकडेच गेली असती.

आता हे सगळं पाण्यातच का, तर गोव्याचा जुगारबंदीचा कायदा 1976 चा, त्यात 1992 साली पंचतारांकित हॉटेलात स्लॉट मशीनला सूट दिली आणि 1996 ला बोटींवर टेबलावरचे खेळ चालू करायला परवानगी मिळाली. आपल्या महाराष्ट्रातही 1976 लाच कॅसिनोचा कायदा झाला होता बरं का, पण तो कधी लागूच केला नाही आणि 2023 मध्ये रद्दच करून टाकला. म्हणून मग पुणे कोल्हापूर सांगलीच्या गाड्या इकडे.

आयडी दाखवायचं (21 च्या आत प्रवेश नाही), पॅकेज घ्यायचं, मग छोट्या बोटीतून मोठ्या बोटीवर. पॅकेजमध्ये जेवण, ड्रिंक्स आणि थोड्या चिप्स (पैशांऐवजी खेळायला लावायच्या चकत्या) येतात, पण त्या बहुतेक ओटीपी चिप्स असतात म्हणजे एकदाच खेळायच्या, काउंटरवर देऊन पैसे मिळत नाहीत. हे आधीच विचारून घ्या. टॅक्सही जबर, 1 ऑक्टोबर 2023 पासून चिप्सच्या पूर्ण किमतीवर 28 टक्के जीएसटी होता तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झालाय.

आत कडाक्याचा एसी, जाड कार्पेट, भिंतीवर घड्याळ कुठेच नाही. सगळ्यात जास्त गर्दी तीन पत्ती आणि अंदर बाहरला, स्टेजवर हिंदी गाण्यांवर डान्स चालू. मी मात्र जास्त वेळ रुलेटपाशीच (फिरत्या चाकात बॉल कुठल्या आकड्यावर किंवा रंगावर थांबतो यावर पैसे लावायचा खेळ) उभा होतो कारण तिथली डीलर मुलगी बघण्यासारखी काम करत होती. बॉल थांबला की टेबलावर आलेल्या आकड्यावर खुणेची छोटी सोंगटी ठेवायची, हरलेल्या चिप्स एका हाताने ओढून घ्यायच्या, जिंकलेल्यांचे पैसे मोजून सरकवायचे, सगळं न अडखळता. दुसरी डीलर आली की पहिली हलकी टाळी वाजवून दोन्ही तळवे उलटसुलट करून वर कॅमेऱ्याला दाखवते, हातात चिप नाही म्हणून, आणि मगच टेबल सोडते. रात्रभर उभ्याने हे काम, मला त्या पोरींचं खरंच कौतुक वाटलं.

शेजारी बेळगावचे एक काका, हातात कागद, आलेले आकडे लिहून घेत होते. सलग काळा येत होता म्हणून प्रत्येक वेळी "आता लालच येतोय बघा" म्हणत लालवर वाढवत गेले. पण चाकावर 37 घरं, त्यातली 18 लाल, मागे काहीही आलेलं असो पुढच्या फेरीला लालची शक्यता 37 मध्ये 18 च राहते. सगळ्या 37 आकड्यांवर शंभर शंभर लावा, 3700 जातील आणि हातात 3600 येतील, कारण जिंकलेल्या आकड्याला एकास 35 देतात आणि त्यावर लावलेले शंभर परत. ते शंभर बोटीचे. कोणी फसवत नाही, हिशोबच तसा आहे. काका परत परत कॅश काउंटरला जाऊन येत होते, मी एकदा म्हटलं काका जेवून घेऊया चला, ते हसून नको म्हणाले. फार वाईट वाटलं मला.

सकाळी पणजीहून नदीपलीकडे बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीने गेलो, पायी माणसाला तिकीट नाही आणि या सगळ्या बोटी जवळून दिसतात. फेरीत एक आजोबा भेटले, चिडलेले होते, संध्याकाळी ट्रॅफिकमुळे बांदोडकर मार्गावरून घरी जाता येत नाही म्हणे, आणि सरकार सहा सहा महिन्यांची मुदतवाढ देत बोटी मांडवीतच ठेवतंय. मला त्यांचं शंभर टक्के पटलं. नदी पणजीकरांची, आत प्रवेश त्यांना नाही, आणि ट्रॅफिक मात्र आम्हा बाहेरच्यांचं त्यांनी सोसायचं. या बोटी तिथून हलवायलाच पाहिजेत.