नारा: हरणं सोडून आजारपणं बघायला

जपानमधल्या नाराला आलेले बहुतेक लोक हरणांना बिस्किटं चारतात, तोदाइजीतला प्रचंड बुद्ध बघतात आणि संध्याकाळी क्योतोची गाडी पकडतात. मी हरणांना लांबूनच नमस्कार केला आणि दक्षिणेकडच्या गल्ल्यांत शिरलो. आठव्या शतकात हे शहर राजधानी होतं, आणि राजवाड्यात कोण अंथरुणाला खिळलंय यावर इथे मंत्री चढत-पडत होते. ती आजारपणं दगडामातीत कुठे कुठे उरली आहेत, ते मला बघायचं होतं.

पहिलं शिन-याकुशिजी. सम्राट शोमूला बरं वाटावं म्हणून सम्राज्ञी कोम्योनं ७४७ मध्ये हे मंदिर उभारलं. याकुशी म्हणजे संस्कृत ग्रंथांतला भैषज्यगुरू, हातात औषधाची कुपी घेतलेला बुद्ध. गाभाऱ्यात जवळजवळ अंधार. गोल ओट्यावर लाकडी याकुशी, आणि त्याच्याभोवती बाहेर तोंड करून उभे मातीचे बारा सेनापती. एकाचा जबडा वासलेला, दुसऱ्याचे केस भडकलेले. एक सोडला तर सगळे मूळचे. याकुशीचे डोळे चेहऱ्याच्या मानानं फार मोठे आहेत. शोमूला डोळ्यांचा त्रास होता म्हणून, असं सांगतात. ७४५ मध्ये शोमू आजारी पडला तेव्हा तर राज्यातले पाळलेले ससाणे आणि पाणकावळे सोडून देण्याचा हुकूम निघाला होता. शिकारीच्या पक्ष्यांचं तेवढं कल्याण झालं.

तिथून थोडं पश्चिमेला घरांच्या मधोमध झुतो दिसतो: मातीचा, पायऱ्यापायऱ्यांचा स्तूप, त्यात बसवलेली दगडी बुद्धशिल्पं. स्तूप ७६७ चा आहे, पण लोककथा म्हणते की इथे गेंबो नावाच्या भिक्षूचं मुंडकं पुरलंय. कथा खोटीच असावी. गेंबो मात्र खरा. शोमूची आई मियाको ७०१ मध्ये बाळंत झाली आणि तेव्हापासून मनानं पार खचली. मुलाचं तोंडही तिनं पाहिलं नव्हतं. ७३७ च्या शेवटी, चीनहून शिकून आलेल्या गेंबोच्या उपचारांनी ती भानावर आली आणि छत्तिसाव्या वर्षी मायलेकरांची भेट झाली. त्याच वर्षी देवीच्या साथीत मियाकोचे चारही फुजिवारा भाऊ, म्हणजे दरबाराचे चार खांब, एकामागोमाग गेले होते. रिकाम्या झालेल्या त्या दरबारात गेंबोचं वजन वाढलं. चौघांपैकी एकाचा मुलगा हिरोत्सुगू याला ते सहन झालं नाही. गेंबोला हाकला, अशी मागणी करत ७४० मध्ये त्यानं क्युशू बेटावर बंड केलं आणि जीव गमावला. पुढे ७४५ मध्ये गेंबोचीही क्युशूला रवानगी झाली आणि वर्षभरात तो तिथेच मेला.

तोदाइजीच्या मागे शोसोइन हे लाकडी भांडार आहे, बाहेरूनच बघायचं. ७५६ मध्ये शोमू गेल्यावर कोम्योनं त्याच्या वस्तूंबरोबर साठ औषधं बुद्धाला वाहिली आणि गरजू रुग्णांना ती द्यावीत असं लिहून ठेवलं. त्या यादीत मिरी, पिंपळी आणि हिरडा आहे. आजीच्या बटव्यातली नावं इतक्या लांब, राजाच्या दानपत्रात वाचून मी तिथेच खुदकन हसलो.

दुपारी गाडीनं पश्चिमेला निघालो. जुन्या राजवाड्याच्या मैदानातूनच रूळ जातात. खिडकीतून पुन्हा बांधलेला दरबार-महाल दिसतो. इथली शेवटची मोठी गोष्ट शोमूची मुलगी कोकेन हिची. ती गादी सोडून बसलेली असताना ७६१ मध्ये आजारी पडली आणि दोक्यो या भिक्षूनं तिला बरं केलं. त्यांच्या जवळिकीवर तरुण सम्राट जुन्निननं नापसंती दाखवली, तर ७६२ मध्ये तिनं जाहीर केलं की किरकोळ कामं सम्राटानं बघावीत, राज्याचे मोठे निर्णय आणि बक्षीस-शिक्षा मी बघेन. ७६४ मध्ये जुन्निनच्या पाठीशी असलेला मंत्री नाकामारो बंड करून मारला गेला, जुन्निन आवाजी बेटावर गेला आणि ती पुन्हा गादीवर बसली. दोक्यो धर्मराजाच्या पदापर्यंत चढला. ७६९ मध्ये तर त्यालाच सम्राट करा, असा क्युशूतल्या उसा देवस्थानाचा कौल आल्याचं सांगण्यात आलं. खात्री करायला पाठवलेला कियोमारो उलटा कौल घेऊन आला आणि हद्दपार झाला.

कोकेन आणि दोक्योच्या प्रेमाच्या चावट कथा पुढच्या पिढ्यांनी हौसेनं रंगवल्या. मला त्यापेक्षा ७७० चं तिचं शेवटचं आजारपण जास्त बोलकं वाटतं. शंभरावर दिवस एकाही मंत्र्याला भेट नव्हती. आतबाहेर करत होती फक्त किबी नो युरी ही दरबारातली स्त्री. सम्राज्ञी गेल्यावर मंत्र्यांनी तिची शेवटची इच्छा म्हणून साठी ओलांडलेल्या एका राजपुत्राचं नाव वाचून दाखवलं. गादी तिच्या घराण्याच्या शाखेतून कायमची गेली. तिच्यानंतर पुन्हा स्त्री सम्राट झाली ती थेट १६२९ मध्ये. दोक्योला पूर्वेकडच्या एका याकुशी मंदिराचा प्रमुख म्हणून पाठवण्यात आलं. दोन वर्षांनी तो तिथेच वारला.

कोकेननं नाकामारोच्या बंडाच्या वेळी नवस बोलून बांधलेलं साइदाइजी हे मंदिर स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथले चार दिक्पाल आगीत गेले, नंतर नवे घडवले. दिक्पालांच्या पायाखाली तुडवले जाणारे राक्षस मात्र तिच्याच काळातले आहेत. दिक्पालांकडे नंतर बघा, आधी वाकून हे राक्षस बघा.