आमची वाटचाल : टायपिंग क्लासच्या जागेतून

ठाण्यात नौपाड्यात आज आमचं दुकान आहे, तिथे आधी वडिलांचा टायपिंग क्लास होता. आठ रेमिंग्टन मशीन, दिवसभर खडखडाट, परीक्षा जवळ आली की जिन्यापर्यंत पोरांची रांग. घरोघरी कॉम्प्युटर आले आणि रांग ओसरली. २००८ साली त्याच जागेत दोन टेबलं टाकून मी डेस्कटॉप दुरुस्ती सुरू केली. वडिलांना माझ्या कामातलं फारसं कळत नसे, पण त्यांची एक सवय त्यांनी मलाही लावली. दुकानात आलेल्या प्रत्येक मशीनची वहीत नोंद. कधी आलं, काय बदललं, कोणी बदललं.

पहिलं दीडेक वर्ष फॉरमॅट मारणं, रॅम वाढवणं, धूळ झटकणं यात गेलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. नाव झालं ते ओव्हरक्लॉकिंगमुळे, म्हणजे कंपनीनं ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगानं चालवण्यामुळे. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणारे एक दादा ऐन लगीनसराईत रडकुंडीला येऊन दुकानात बसले. रात्री रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या तुकड्यांची शेवटची फिल्म बनवायला लावली की पाच-पाच तास हलत नाही, आणि नवीन मशीन घ्यायला हातात पैसे नाहीत. मशीन होतं इंटेलच्या कोअर टू क्वाड क्यू ६६०० प्रोसेसरचं. २००७ साली आलेला हा प्रोसेसर २६६ मेगाहर्ट्झच्या बसवर (बोर्ड त्याला देतो तो मूळ ठेका) ९ च्या गुणकाने चालतो, म्हणजे २६६ गुणिले ९, २.४ गिगाहर्ट्झ. त्यांचा बोर्ड पी ३५ चिपसेटचा, ३३३ ची बस त्याला कंपनीनेच मान्य केलेली. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये जाऊन मी २६६ चे ३३३ केले. झाले ३ गिगाहर्ट्झ. रॅमचा वेगही बसवर ठरतो, पण ती ८०० मेगाहर्ट्झपर्यंतची होती, ६६७ वर आरामात चालत होती. व्होल्टेजला तर हातही लावावा लागला नाही. पाच तासांचं रेंडर चारवर आलं. पुढच्याच आठवड्यात दादा आणखी तिघांना घेऊन आले.

मग माझ्या डोक्यात हवा गेली. हे लिहायला आजही जड जातं. ओळखीचे एक काका घरी बसून लोकांचे हिशेब लिहीत. त्यांचं पेंटियम ई ५२०० चं मशीन फक्त सफाईला आलं होतं. काहीही न मागता मी हौसेनं त्याचा वेग २.५ वरून ३.३ वर नेला, आणि तो टिकावा म्हणून व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं. वेग वाढतो त्या प्रमाणात वीज वाढते, पण व्होल्टेज वाढलं की ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, उष्णता मात्र जवळपास सत्तर टक्क्यांनी. हा गुणाकार मी तेव्हा केलाच नाही. डिसेंबर होता, प्रोसेसरला ताण देऊन चुका पकडणारा प्राइम ९५ हा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवला, एकही एरर नाही.

मे महिन्यात काकांचा फोन आला. प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर कितीही चांगला असला तरी खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही, आणि काकांच्या खोलीत दुपारी ३६ अंश. मशीन बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालत राहिलं आणि चुका करत राहिलं. एक फाईल उघडेना, दुसरीत बेरजा जुळेनात. तीन रात्री मी त्यांच्या शेजारी बसून कागदी व्हाउचरांवरून नोंदी पुन्हा घातल्या. काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "अरे, मला कुठे घाई होती?"

तेव्हापासून हिशेबाच्या मशीनचा वेग आम्ही वाढवत नाही, कितीही पैसे देऊ केले तरी. बाकीच्या मशीनची परीक्षा दार-खिडक्या लावून, पंखा बंद करून होते. आमच्या पोरांनी त्याला ‘वैशाख’ असं नाव दिलंय. वहीत खोलीच्या तापमानाचा रकाना आला, आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला सेटिंग लिहिलेलं लेबल.

२०११ मध्ये इंटेलचा आय फाइव्ह २५०० के हा प्रोसेसर आला आणि काम सोपं झालं, पण गिऱ्हाईक कमी झालं. त्या पिढीपासून बसचा वेग बाकी सगळ्याला बांधलेला. तो थोडा हलवला तरी हार्ड डिस्क कुरकुरते. वाढवायचा तो गुणक, आणि तो नीट मोकळा फक्त नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरचा. लोक साधा आय फाइव्ह आणि वेग वाढवूच न देणारा एच ६१ चिपसेटचा बोर्ड घेऊन येत, "वाढवा की जरा!" त्यांना मी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क आणायला सांगायचो. दहातल्या आठ जणांना हवा असलेला वेग तिथेच मिळायचा. २०२० च्या लॉकडाउनमध्ये शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा तर आम्ही उलटंच काम केलं. माळ्यावरची जुनी मशीन काढून, वाढवलेला वेग उतरवून पोरांना दिली.

गेल्या महिन्यात एडिटिंगवाल्या दादांच्या वहिनी तेच जुनं मशीन रिक्षातून घेऊन आल्या. आता ते त्यांच्या पोळी-भाजी केंद्रात बिलं छापतं. तक्रार अशी, की बँकेची साइट उघडत नाही आणि तारीख २००७ ची दाखवतो. कॅबिनेट उघडलं. आत माझ्याच अक्षरातलं लेबल, ३३३ × ९. बायोसमध्ये पाहिलं तर २६६. बोर्डवरची बटण बॅटरी संपलेली, त्यामुळे रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी सगळं मूळपदावर.

"तारीख कधीपासून चुकतेय, वहिनी?"

"दिवाळीपासून असेल."

म्हणजे इतके दिवस मशीन कमी वेगानं चालत होतं आणि कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. बॅटरी बदलली, तारीख लावली, आणि विचारलं, "वेग परत चढवू का?"

"त्यानं बिल लवकर निघेल?"

"नाही."

"मग राहू दे की."

लेबलवरचे ३३३ खोडून २६६ केले, आणि वहीत नोंद केली.