नदीचं मूळ, जावयाचं कूळ

नाशिकला गेले की एक प्रश्न ठरलेला असतो. कुणी "नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये" अशी सुरुवात करून विचारतं, कुणी थेट विचारतं. "अहो, आपल्याला आपल्या पणजीचं माहेरचं नाव सांगता येत नाही, आणि तुम्ही जावयाच्या खापरपणज्यांच्या मागे लागलात? कशासाठी? आणि तीनशे वर्षांपूर्वीचे कागद मिळतात तरी कुठे?" उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. हल्ली ज्यांच्या घरी अमेरिकन सून किंवा जावई आला आहे तेही कळकळीने विचारतात, म्हणून एकदा बसून लिहिते.

माझी मुलगी व्हर्जिनियात शेनान्डोआ खोऱ्यात, स्टँटनजवळ राहते. जावयाचं आडनाव 'मॅक'ने सुरू होणारं. यजमान गेल्यापासून मी वर्षातले काही महिने तिच्याकडे असते. थोरला नातू चौथीत असताना शाळेतून वंशवृक्षाचा कागद घेऊन आला. माझ्या बाजूची फांदी अर्ध्या तासात भरली, कारण माझ्या वडिलांनी त्र्यंबकेश्वरी आमच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीतून सात पिढ्या उतरवून आणल्या होत्या. लाल फडक्यात बांधलेली ती लांबट वही मी लहानपणी पाहिली आहे. जावयाच्या बाजूला मात्र विहीणबाईंनी एवढंच सांगितलं की तीन भाऊ आयर्लंडहून एका जहाजातून आले. त्यापलीकडे सगळ्या चौकटी रिकाम्या. नातू म्हणाला, "आजी, बाबांकडच्यांची वही कुणाकडे असते?"

तिथून हे सुरू झालं.

आधी हे लोक कोण ते सांगते. त्यांना स्कॉच-आयरिश म्हणतात, पण मूळचे ते बहुतेक स्कॉटलंडच्या सखल भागातले शेतकरी, प्रेस्बिटेरियन म्हणजे सरकारी चर्चहून वेगळ्या प्रोटेस्टंट पंथाचे. आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टर प्रांतात आयरिश सरदारांच्या जमिनी जप्त झाल्या आणि १६०९-१० पासून पहिल्या जेम्स राजाने तिथे स्कॉटिश आणि इंग्लिश लोक वसवले. तीन-चार पिढ्या गेल्या. पट्ट्यांची मुदत संपली की जमीनदार खंड वाढवू लागले, हंगाम बुडाले, लिननचा धंदा वरखाली होत राहिला. त्यातच १७०४ च्या कायद्याने सरकारी चर्चच्या विधीत भाग घेतल्याशिवाय सरकारी पद मिळेनासं झालं, आणि त्यांच्या धर्मगुरूंनी लावलेल्या लग्नांवरही हरकती निघू लागल्या. मराठीत कूळ म्हणजे घराणं आणि कूळ म्हणजे खंडाने जमीन कसणाराही. हे लोक दोन्ही अर्थांनी कुळं होते, आणि कुळाच्या नशिबी जे येतं ते त्यांच्या आलं. १७१८ पासून अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धापर्यंत त्यांच्यातले एक ते अडीच लाख लोक समुद्र ओलांडून गेले असा अंदाज आहे. पेनसिल्व्हेनियाचा सेक्रेटरी जेम्स लोगन स्वतः अल्स्टरमध्ये, आर्मा परगण्यात जन्मलेला. त्यानेच आधी या लोकांना सरहद्दीवर जागा दिली होती. १७२९ साली तोच लिहितो की सगळं आयर्लंडच इकडे निघालेलं दिसतं, गेल्या आठवड्यात निदान सहा जहाजं लागली.

आता कागदांचं. जो तो आधी जहाजाचं नाव विचारतो. विहीणबाईंनीही तेच विचारलं. पण अमेरिकेत येणाऱ्या प्रवाशांच्या याद्या कायद्याने ठेवल्या जाऊ लागल्या त्या १८२० पासून. त्याआधी पेनसिल्व्हेनियात जर्मन लोकांकडून १७२७ पासून राजनिष्ठेच्या शपथा घेत, म्हणून त्यांची नावं सापडतात. अल्स्टरचे लोक तर राजाचेच प्रजाजन. एका राज्यातून त्याच राज्यात आलेल्यांची नावं कोण कशाला लिहून ठेवेल? म्हणून शोध जहाजापासून सुरू करायचा नाही. आपल्यापासून सुरू करायचा आणि एकेक पिढी मागे जायचं, प्रत्येक पायरीला कागद हवा. हे कंटाळवाणं आहे, पण दुसरी वाट मला तरी सापडलेली नाही.

दुसरी अडचण जिल्ह्याची. पालघरचे १९५० चे कागद आपण ठाण्याला शोधू, कारण पालघर जिल्हा झाला २०१४ साली. तिथेही तसंच आहे. स्टँटन ज्या ऑगस्टा काउंटीत येतं ती १७३८ साली कागदावर वेगळी झाली, पण तिचं कोर्ट बसलं १७४५ साली. तोवर खोऱ्यातली माणसं ब्लू रिज डोंगर ओलांडून ऑरेंजच्या कोर्टात जात. हे मला कळलं नव्हतं तेव्हा सहा महिने मी चुकीच्या दफ्तरात शोधत होते.

ऑरेंजच्या कोर्टाची मायक्रोफिल्म रिचमंडला व्हर्जिनियाच्या राज्य ग्रंथालयात आहे. तिथल्या १७४० च्या नोंदींत मला आमचा जॉन, म्हणजे जावयाचा मूळपुरुष, भेटला. शाई फिकी, आडनाव कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं. नोंद चार-पाच ओळींची. जॉनने कोर्टात येऊन शपथेवर सांगितलं की आपण स्वतः, पत्नी मार्गारेट आणि पाच मुलं आयर्लंडहून फिलाडेल्फियाला आणि तिथून या वसाहतीत स्वखर्चाने आलो. पुढे पाचही मुलांची नावं. स्वखर्चाने येणाऱ्याला माणशी पन्नास एकर जमिनीचा हक्क मिळत असे, म्हणून ही शपथ. सात माणसं, साडेतीनशे एकर. मार्गारेट आणि पाच लेकरं कागदावर आली ती केवळ त्या हिशेबासाठी. मोजणीत माणसं धरायची नसती तर ती बाई कुठेच उरली नसती. मी त्या नोंदीची प्रत घेतली आणि बाहेर बाकावर बसून मुलीला फोन केला. भाऊ तीन नव्हते, हेही तेव्हाच समजलं. त्या खोऱ्यात ज्याला त्याला तीन भावांचीच गोष्ट माहीत असते.

पण त्याच खोऱ्यात बारा मैलांवर त्याच नावाचा, त्याच आडनावाचा आणखी एक जॉन होता. दोन वर्षं मी दोघांना एक समजत होते. त्यांना वेगळं केलं ते शेजाऱ्यांनी. आपल्या खरेदीखतात जशी चतुःसीमा असते, पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा, तशी तिथल्या जमिनींची सीमा झाडांवरून लिहीत. पांढऱ्या ओकपासून सुरुवात, तिथून इतके पोल हिकरीच्या झाडापर्यंत, तिथून अमक्याच्या हद्दीला. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. ओक केव्हाच पडले, पण अमक्याचं नाव राहतं. एका जॉनच्या बांधाला ज्यांच्या जमिनी, तेच त्याच्या मृत्युपत्राचे साक्षीदार, त्यांच्याच घरात त्याच्या मुली दिलेल्या, आणि कोर्टाने रस्ता दुरुस्तीला जी घरं नेमली त्या यादीतही तीच. दुसऱ्या जॉनच्या भोवती सगळी निराळी आडनावं. हे लोक एकटे हललेच नाहीत. अल्स्टरमधून निघाले ते शेजारासकट, पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरकडे राहिले ते शेजारासकट, आणि मोठ्या वॅगन रस्त्याने दक्षिणेला खोऱ्यात उतरले तेही तसेच. म्हणून मला कुणी एकच युक्ती विचारली तर मी म्हणते, हरवलेल्या माणसाला सोडा, त्याचा शेजार धरा.

तारखांचं मराठी माणसाला लवकर समजतं. १७५२ पर्यंत इंग्रजी राज्यात कायद्याचं वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे फेब्रुवारीची तारीख १७४१/४२ अशी दोन साली लिहिलेली दिसते. विहीणबाईंना वाटलं कारकून चुकला. मी म्हटलं, आमचं शकही पाडव्यालाच बदलतं.

नावांचं तर काय सांगू. या लोकांत रीत अशी की थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला बहुधा आईच्या आईचं. रीतच ती, पुरावा नव्हे, पण अडलं की दिशा दाखवते. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तेच हे. मुलीला मी हे बोलता बोलता सांगितलं होतं. पुढे धाकटा नातू झाला तेव्हा तिने आणि जावयाने मला न विचारता त्याला माझ्या यजमानांचं नाव ठेवलं. दुसरा मुलगा, आईचे वडील. जावई म्हणाला, "आमच्या रीतीनेही बरोबर आहे."

सगळ्यात जास्त माणसं मला सापडली ती भाऊबंदकीत. मराठेशाहीत वतनाचा तंटा झाला की महजर, म्हणजे सभेने दिलेल्या निवाड्याचा कागद, होई आणि त्यात पिढ्यांची नावं लिहिली जात, आपला कितीतरी इतिहास तसा उरला आहे. ऑगस्टाच्या कोर्टातले वाटणीचे दावेही तसेच. बाप मेला, भाऊ केंटकीला गेला, बहिणीचा नवरा हिस्सा मागतो, मग शेजारच्या म्हाताऱ्याची साक्ष: मी या घराला चाळीस वर्षं ओळखतो, यांची आई अमक्याची मुलगी. एका साक्षीत सबंध घर उभं राहतं. आणि स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्यांनी १८३२ च्या कायद्याखाली पेन्शनसाठी सांगितलेल्या हकिकती वाचाव्यात, म्हातारी माणसं आपलं जन्मगाव आणि साल शपथेवर सांगतात.

पण कागद उघडला की जे निघेल ते सगळं वाचावं लागतं. जॉनच्या नातवाच्या इस्टेटीची यादी १७९० नंतरची आहे. त्यात एक माग, दोन चरखे, खोगीर, सात गाई, आणि गाईंच्या खालच्या ओळीत एका काळ्या बाईचं नाव. आडनाव नाही, वय नाही, पुढे पौंडांत किंमत. मी ते जावयाला दाखवलं. तो बराच वेळ बोलला नाही. विहीणबाईंचं म्हणणं होतं की मुलांच्या वहीत हे नको. मी आणि जावई दोघंही म्हटलं की हवं. तिचे वंशज तिला शोधत असतील तर त्यांना याच पानापर्यंत यावं लागणार आहे, म्हणून ती नोंद उतरवून आम्ही गावच्या ग्रंथालयातही दिली. खोऱ्यातली जमीनही रिकामी नव्हती. सहा राष्ट्रांच्या इरोक्वॉई लोकांशी, म्हणजे तिकडच्या मूळ रहिवाशांशी, तिच्याबद्दल लँकेस्टरला करार झाला तो १७४४ साली, म्हणजे जॉनने नांगर घातल्यानंतर. आणि पेनसिल्व्हेनियात याच अल्स्टरच्या लोकांच्या टोळीने, पॅक्स्टन बॉईजनी, डिसेंबर १७६३ मध्ये कोनेस्टोगा जमातीच्या वीस निःशस्त्र मूळ रहिवाशांना मारलं, त्यातली चौदा तुरुंगाच्या आश्रयाला असताना, मुलांसकट. आमच्या घरातलं कुणी त्यात दिसत नाही. तरी थोरल्या नातवाला मी हेही सांगितलं आहे.

आता राहिलं आयर्लंड. तिथल्या वाटेवर मोठा खड्डा आहे. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनचा सरकारी दफ्तरखाना स्फोटात जळाला, शतकांचे कागद गेले. प्रेस्बिटेरियन चर्चच्या नोंदवह्या तिथे नव्हत्या, पण त्या मुळातच अठराव्या शतकात फार मागे क्वचित जातात. काही याद्यांच्या मात्र कुणी आधी नकला करून ठेवल्या होत्या, १७४० ची प्रोटेस्टंट घरमालकांची यादी त्यातलीच, अँट्रिम, डेरी अशा काही परगण्यांच्या काही भागांपुरती उरलेली. आमचा जॉन तोवर अमेरिकेला गेलेला होता. त्याचे चुलत भाऊ आणि ज्यांनी समुद्र ओलांडला नाही ते शेजारी तिथे असणार.

येत्या मे महिन्यात मी आणि थोरला नातू बेलफास्टच्या दफ्तरखान्यात जाणार आहोत. तो आता कॉलेजात आहे. त्याने जॉनच्या बांधावरच्या, साक्षीदारांच्या आणि सोयऱ्यांच्या आडनावांची यादी केली आहे, एकूण चौदा. त्यातली सात-आठ ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या विभागात, एकत्र दिसतील तिथून सुरुवात करायची, असं त्याचं म्हणणं आहे.