अबिस्कोला जाताय? मग मध्यरात्रीची गाडी घेऊ नका

उत्तर स्वीडनमधल्या अबिस्कोत ऑरोरा, म्हणजे आभाळातला ध्रुवीय प्रकाश, दाखवायला नेणाऱ्या सहलवाल्याने रात्री साडेबाराला गाडी वळवली. "ढग आले, आजचं संपलं." माणशी 1400 क्रोनर आधीच घेतलेले. मी मागच्या काचेतून त्या ढगांकडे बघत होतो आणि त्यांच्या आरपार सप्तर्षी स्वच्छ दिसत होते. एक डाग उजळायचा, विझायचा, तेवढ्यात शेजारचा पेटायचा. ढग असं करत नाहीत. ओरडून सांगितलं, तरी गाडी थांबली नाही.

म्हणून हे लिहितोय. या भागात चुंबकीय मध्यरात्र (पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांच्या हिशोबाने येणारी मध्यरात्र) घड्याळातल्या साडेदहा-अकरालाच होते. नाचणारे हिरवे पडदे बहुधा त्याच्या आगेमागे होऊन जातात. त्यानंतर पहाटेपर्यंत जो ऑरोरा असतो तो फिकट, तुकड्यातुकड्यांचा आणि स्पंदन पावणारा. त्यासाठी कुणी थांबत नाही. मला विचाराल तर बघायचा तोच.

दुसऱ्या रात्री मेहुण्याला घेऊन तोर्नेत्रेस्क तलावाच्या काठी पायीच गेलो. एक ते दोन हा तास सगळ्यात वाईट. आभाळात काही नाही आणि गोठलेल्या तलावावरून येणारा वारा थेट हाडांत शिरतो. आम्ही दोनदा परत निघालो होतो. तुम्ही निघू नका. पाठीला वारा येईल अशी आडोशाची जागा उजेडातच हेरून ठेवा. फोन अंगाच्या उबेत ठेवा आणि त्यावर किरुना शहरातल्या चुंबकमापकाचा आलेख उघडा. केपीचा, म्हणजे चुंबकीय खळबळीच्या निर्देशांकाचा, आकडा तीन तासांचा आणि सगळ्या पृथ्वीचा असतो, पहाटेसाठी तो कुचकामी. किरुनाची रेघ खाली कोसळायला लागली की डोकं वर करायचं.

दोन वाजून दहा मिनिटांनी ती कोसळली.

तलावाकडे, म्हणजे उत्तरेकडे तोंड केलं की डावीकडे नार्विक, उजवीकडे किरुना. डाग डावीकडून उजवीकडे सरकत होते. एकेक डाग काही सेकंदांनी उघडझाप करत होता, पण अख्खा कळप पूर्वेलाच चालला होता. माथ्यावरच्या एका डागाला तीसेक अंश ओलांडायला दोन मिनिटं लागली. उंची 110 किलोमीटर धरली तर सेकंदाला अर्धा किलोमीटर! संध्याकाळी हीच वाटचाल पश्चिमेकडे असते. पहाटे वरचं विद्युतक्षेत्र फिरतं, विद्युतप्रवाह पश्चिमेला वाहतो आणि इलेक्ट्रॉन पूर्वेला. किरुनाची रेघ पाडतो तो हाच प्रवाह. थंडी विसरून आम्ही चारपर्यंत उभे होतो. मग आभाळ फिकट झालं.

फोटोसाठी कॅमेऱ्याची उघडीप (एक्स्पोजर) दोन-तीन सेकंदांचीच ठेवा. पंधरा सेकंद ठेवलीत तर सगळी स्पंदनं एकमेकांत मिसळून हिरवा चिखल होतो. डोळ्यांना हे डाग राखाडी दिसतात, घाबरू नका.

आता रेडिओ. ऑरोरावरून परत फिरलेली रेडिओलहर कानांनी ऐकता येते. त्यासाठी 144 मेगाहर्ट्झची यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची, अँटेना मी पुण्याहून वाहून नेली, कारण एका अनुभवी हौशी रेडिओवाल्याने "ऑरोराच्या खालीच जा" असं छातीठोक सांगितलं होतं. चूक. साफ चूक. डोक्यावर आभाळ पेटलेलं असताना कानात नुसता खरखराट. इलेक्ट्रॉनचा वेग सेकंदाला साधारण 400 मीटरच्या पुढे गेला की त्यांच्यात चुंबकरेषांच्या दिशेने ताणलेल्या लाटा उठतात. रेडिओलहर त्यांना काटकोनात भेटली तरच परत फिरते. अबिस्कोत चुंबकरेषा जवळजवळ उभ्या, त्यामुळे माथ्यावरून प्रतिध्वनी मिळणं शक्यच नाही. तो हवा तर बरंच दक्षिणेला उभं राहून अँटेना उत्तरेकडे धरावी लागते. 1970च्या दशकात स्टेअर हे जोड-रडार उभारलं तेही नॉर्वेत ट्रॉन्डहाइमजवळ मालविकला आणि फिनलंडमध्ये हांकासाल्मीला. तिथून ते उत्तर स्कँडिनेव्हियावरच्या इलेक्ट्रॉनांची धाव मोजत. हे मी निघण्याआधी वाचायला हवं होतं.



डोळ्यांनी बघायचं असेल तर अबिस्को, कानांनी ऐकायचं असेल तर ट्रॉन्डहाइम. एकाच फेरीत दोन्ही करू नका. पुढच्या मार्चमध्ये मी यागी घेऊन ट्रॉन्डहाइमला जाणार आहे आणि मेहुणा त्याच पहाटे अबिस्कोच्या काठावर घड्याळ लावून उभा असेल.