दहा मिनिटांत न मावणारी पोथी

एखाद्या परंपरेची अधिकृत नोंद व्हावी म्हणून जी कागदपत्रे तयार होतात, त्यांत सर्वांत मोलाचे असते ते समाजाचे संमतिपत्र, हे मला कुडाळजवळच्या पिंगुळीतील एका दिवसाने शिकवले. ठाकर समाजाच्या चित्रकथी परंपरेची, म्हणजे चित्रे दाखवत कथा गाऊन सांगण्याच्या कलेची, नोंद तयार करण्यासाठी आम्ही तेथे गेलो होतो. चित्रे, वाद्ये, कथा सांगणारी घराणी, सावंतवाडी संस्थानचा जुना आश्रय, असा बहुतेक तपशील लिहून झाला होता आणि त्या दुपारी मसुदा सर्वांना वाचून दाखवायचा होता.

मी चित्रफितीच्या कलमापर्यंत आलो, तेव्हा एका वयस्कर कलाकाराने फीत किती वेळाची, असे विचारले. आम्हाला मिळालेल्या सूचनेप्रमाणे ती दहा मिनिटांहून मोठी चालणार नव्हती. युनेस्कोकडे जाणाऱ्या नामांकनालाही पाच ते दहा मिनिटांचीच फीत जोडावी लागते. ते शांतपणे म्हणाले, "सुरू केलेली पोथी मधेच ठेवची नसता."

पोथी म्हणजे रामायण-महाभारतातील एखाद्या आख्यानाची क्रमाने लावलेली चित्रे. सांगणारा एकेक चित्र समोर धरून गातो, गद्यात कथा पुढे नेतो आणि साथीदार त्याला सूर-ताल देतात. त्यामुळे चित्र सुंदर असले तरी सांगणाऱ्यावाचून ते अपुरेच. त्या वयस्कर कलाकाराच्या घराण्यात आरंभलेली कथा पूर्ण करणे हा नेम होता. एका तरुण चित्रकाराने मात्र वेगळी बाजू मांडली. लोकांनी थोडे पाहिले तरच ते गावात येतील, चित्रे घेतील आणि पुढची पिढी या कलेत टिकेल, असे त्याचे म्हणणे होते. मला त्याचेही म्हणणे खरे वाटले, कारण पोटाचा प्रश्न बाजूला ठेवून कोणतीही परंपरा जपता येत नाही.

तेव्हा मी त्यांना कला, कथा, विधी अशा अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीचा युनेस्कोचा २००३ चा करार समजावून सांगितला. भारताने तो २००५ मध्ये स्वीकारला असून वारशाच्या काही अंगांपर्यंत कोणी पोहोचावे याविषयीचे समाजाचे रीतिरिवाज पाळले जावेत, असे त्याच्या तेराव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे. नामांकनासाठी लागणारी संमतीही समाजाने स्वेच्छेने, आधी आणि सर्व माहिती घेऊन दिलेली असावी लागते. म्हणजेच नकार देण्याचा, किंवा अट घालून होकार देण्याचा, अधिकार त्यांचाच होता.

त्यानंतर बराच वेळ त्यांची आपसांत चर्चा झाली आणि निर्णय त्यांनीच दिला. छोट्या फितीत चित्रे लावण्याची रीत, रंगकाम, वाद्ये जुळवणे आणि मुलांना गाणे शिकवणे एवढेच दाखवायचे, कथा मात्र नाही. संपूर्ण पोथी रात्री सलग सांगितली जाईल, तिचे ध्वनिचित्रमुद्रण होईल आणि त्याची प्रत घराण्याकडेच राहील. ही अट संमतिपत्रात मराठीत लिहून, पुन्हा वाचून, मगच सह्या झाल्या.

संवर्धनाच्या उपायांचा रकानाही मग त्यांनीच सांगून भरून घेतला. शहरी रंगमंचावरच्या महोत्सवांपेक्षा त्यांनी मागितले ते गावोगावच्या देवळांत पोथी सांगण्याचे निमंत्रण आणि जाणत्यांकडे शिकणाऱ्या मुलांसाठी विद्यावेतन. मसुद्यात आधी असलेला महोत्सवाचा प्रस्ताव आम्ही काढून टाकला आणि या दोन मागण्या त्यांच्याच शब्दांत लिहून नोंद पुढे पाठवली.