तुम्ही विचारलंत म्हणून : निम्म्या दरात करणारे असताना काम मिळतं कसं?

मी ठाण्यात, नौपाड्यात घरून पुस्तकांच्या मांडणीचं काम करते. लेखकाचा मजकूर घ्यायचा, पानं लावायची आणि छापखान्यात थेट देता येईल अशी पीडीएफ तयार करायची. या कामात येऊ पाहणारी मुलं-मुली भेटली की फिरून एकच प्रश्न येतो : “ताई, पानामागे निम्मा दर लावणारे ढीगभर आहेत, आता एआयसुद्धा आलंय. तुम्हाला अजून काम मिळतं कसं?” दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहिते.

दरात उतरून मी कधीच कोणाशी स्पर्धा केली नाही आणि तुम्हीही करू नका. पानं लावून देणारा माणूस प्रकाशकाला कुठेही मिळतो. त्याला धास्ती असते ती वेगळीच. हजार प्रती बांधून आल्या आणि मग चूक सापडली तर? ही धास्ती जो आपल्या अंगावर घेतो, त्याला पुढच्या पुस्तकासाठी फोन येतो.

म्हणजे नेमकं काय करायचं, ते सांगते. पुस्तकं साधारणपणे १६ पानांच्या फर्म्यांत छापतात, म्हणजे एक मोठा कागद छापून, घडी घालून १६ पानं होतात. बारा फर्मे म्हणजे १९२ पानं. तुमची मांडणी १९५ वर गेली, तर वरच्या तीन पानांसाठी वेगळा तुकडा छापून जोडावा लागतो, कागद वाढतो, बांधणीचं काम वाढतं. पानावर मोजून पैसे घेणारा १९५ पानं लावतो आणि बिल पाठवतो. मी प्रकरणांचे शेवट बघते. कुठे दोनच ओळी नव्या पानावर सांडल्यात, कुठे एक परिच्छेद एका शब्दासाठी पुढच्या ओळीत गेलाय, ते शोधते आणि वाचणाऱ्याच्या डोळ्याला त्रास न होता पुस्तक १९२ मध्ये बसवते. माझे तीन पानांचे पैसे कमी होतात, पण प्रकाशकाचे त्याहून कितीतरी जास्त वाचतात, आणि हे त्याला बरोबर कळतं.

दुसरं काम जुन्या फायलींचं. मराठी प्रकाशकांकडे वर्षानुवर्षांचा मजकूर श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांच्या फाँटांमध्ये पडून आहे. पुनर्मुद्रण किंवा ई-बुक करायचं म्हटलं की तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात आणावा लागतो. जुन्या फाँटांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. कन्व्हर्टर हे बहुतेक ठिकाणी नीट फिरवतो. पण ‘मार्मिक’, ‘वार्षिक’ यांसारख्या शब्दांत वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर येतात, तिथे मी प्रत्येक शब्द स्वतः तपासते. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ तर आणखी फसवा. तो दोन प्रकारे साठवता येतो : नुक्त्याच्या ऱ ने, किंवा साध्या र ला हलन्त आणि पुढे न दिसणारं एक जोडचिन्ह देऊन. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. एका पुस्तकात दोन्ही मिसळले, तर ई-बुकमध्ये शोध घेताना निम्मे शब्द सापडत नाहीत आणि सूचीत एकच आडनाव दोन ठिकाणी जातं. फाइल हाती आली की मी सगळ्यात आधी हे एका प्रकारात आणते. हे कोणी मागत नाही, पण एकदा करून दिलं की पुढच्या वेळी तोच माणूस दुसऱ्याकडे फाइल द्यायला कचरतो.

एआयचं म्हणाल तर मी ते रोज वापरते. फाइल नसलेलं जुनं पुस्तक स्कॅन करून मजकूर काढायला ते फारच उपयोगी आहे. मात्र ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांत गल्लत होऊ शकते. ‘घर’चं ‘धर’ झालं, तर शब्द तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला दोन्ही बरोबरच वाटतात. मूळ प्रत शेजारी ठेवून ओळन् ओळ ताडणारा माणूस लागतोच. माझं ठाम मत आहे की नुसत्या टायपिंगचे पैसे बाजारातून चाललेत आणि ताडून बघण्याचे वाढणार आहेत. शिकायचं असेल तर मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफरीडिंग शिका.

आता पैशांचं, कारण टिकण्याचं अर्धं गणित तिथे आहे. पडेल भावात काम उचलणारी बरीच माणसं कामात चोख असतात, त्यांची बिलं अडकलेली असतात म्हणून हातात येईल ते घेतात. माझंही एक बिल एका प्रकाशकाकडे वर्षभर रखडलं होतं. तेव्हा मी उद्यम नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारकडची लहान उद्योगांची नोंदणी केली. २०२० पासून ती ऑनलाइन होते, फुकट होते, आपल्यासारख्या एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून तर मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही, त्यामुळे त्याचा सीएच त्याच्या मागे लागतो. मी बिलावर उद्यम क्रमांक आणि मुदतीची एक ओळ छापते. आवाज चढवावा लागत नाही, संबंधही बिघडत नाहीत. दर सांगतानाच दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या धरल्यात आणि तिसरीचे वेगळे पडतील, हेही लिहून देते.

नवखे असाल तर आपल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसा. १८९३ पासूनची संस्था आहे. जुनी पुस्तकं उघडून समास किती सोडलेत, ओळ किती लांबीची ठेवली आहे, हे पट्टी लावून बघा. वागळे इस्टेटमध्ये एखाद्या छापखान्यात ओळख काढा आणि आपलं पुस्तक छापताना तिथे उभे राहा. कागद ७० जीएसएमचा (चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) ठरलेला असताना ऐन वेळी ८० चा आला, तर कव्हरचा कणा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीची रुंदी किती बदलते, हे तिथेच समजतं.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. पावसाळ्यात दिवाळी अंकांची कामं सुरू होतात, तेव्हा सगळ्यांनाच वाटतं की आता सोडावी. तेव्हा सोडू नका. दिवाळी उलटली की कामं एकदम ओसरतात. स्मरणिका, संस्थांचे अहवाल, निवृत्त मंडळींची आत्मचरित्रं, यांतलं काहीतरी त्या महिन्यांसाठी हातात असेल आणि चार महिन्यांचा घरखर्च बाजूला पडलेला असेल, तर खुशाल राजीनामा द्या.