कॅलेंडरसाठी सहा कमानी, आणि दोनदा केलेलं सगळं क्रॉपिंग

आमच्या कळव्याच्या वाचनालयाचं दरवर्षी भिंतीवरचं कॅलेंडर निघतं, सहा पानांचं, एका पानावर दोन महिने. यावेळी फोटो माझे घ्यायचे ठरले आणि विषय पण मीच सुचवला, ठाणे आणि आसपासच्या जुन्या कमानी. माझ्याकडे तीन-चार वर्षांचे फोटो होतेच, घोडबंदर किल्ला, वसई किल्ला, कळव्याचा जुना दगडी पूल, चेंदणीतली एक दोन जुनी घरं. मला वाटलं एका रविवारी निवडून, कापून, पाठवून मोकळी होईन. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले आणि सहापैकी चार फोटो मी परत जाऊन काढले.

पहिली अडचण मापाची. छापखान्याने सांगितलं फोटोची जागा 11 बाय 8 इंच, आडवी. आणि कमान म्हटली की माझा हात आपोआप कॅमेरा उभा धरतो, कमान उंच असते ना, त्यामुळे सत्तर टक्के फोटो उभेच. माझा कॅमेरा 24 मेगापिक्सेलचा, उभा फोटो म्हणजे रुंदी 4000 आणि उंची 6000 पिक्सेल. त्यातून 11 बाय 8 च्या प्रमाणात आडवा तुकडा काढायचा तर रुंदी पूर्ण 4000 घेतली तरी उंची मिळते साधारण 2900. छपाईला 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, 3300 बाय 2400 लागतात, म्हणजे पिक्सेल कमी पडत नव्हते, कमी पडत होती कमान. सहा हजारातली तीन हजाराहून जास्त उंची टाकून द्यायची तर टाकायचं काय, वरचं की खालचं?

मी खालचं टाकलं. सगळ्यांनी तेच केलं असतं असं मला अजून वाटतं, कारण सुंदर भाग वरचाच दिसतो, तो गोल, मधला चावीचा दगड, त्याच्यावरची वेल उगवलेली भिंत. खाली काय तर खांब, माती, कुठेतरी पाण्याची बाटली पडलेली. सहाच्या सहा फोटोंना मी असंच कापलं आणि नानामामाला दाखवायला घेऊन गेले. मामा माझ्या आईचा मोठा भाऊ, उभं आयुष्य गवंडीकाम केलेलं, नंतर साइटवर सुपरवायझर. आता गुडघ्यामुळे फार फिरत नाही पण नजर तीच.

मामाने लॅपटॉपवर सहाही फोटो बघितले, परत मागे जाऊन बघितले आणि म्हणाला, "ही कमान कशावर उभी आहे गं?" मी म्हटलं खाली खांब आहेत, ते कापलेत. तर म्हणाला, "मग ही कमान नाही, ही नुसती भुवई झाली."

आणि मग त्याने जेवणाच्या टेबलावर पत्त्यांच्या डब्या आणि खोडरबरं मांडून मला समजावलं. कमानीतला प्रत्येक दगड पाचरीसारखा असतो, वर रुंद खाली अरुंद, त्यामुळे वरून वजन आलं की तो खाली निसटू बघतो पण शेजारचे दोघं त्याला दाबून धरतात, ते वजन एकाकडून दुसऱ्याकडे असं करत दोन्ही बाजूंनी पायांपर्यंत उतरतं. आणि नुसतं खाली नाही उतरत, बाहेरही ढकलतं. म्हणून कमानीच्या दोन्ही बाजूला जाड भिंत लागते किंवा शेजारी दुसरी कमान लागते, म्हणजे हिचा रेटा तिच्यावर आणि तिचा हिच्यावर. बांधताना खाली लाकडी सेंटरिंग, म्हणजे तात्पुरता आधार असतो, शेवटचा मधला दगड बसेपर्यंत कमान स्वतःच्या जिवावर उभी नसतेच. मी हे सगळं शाळेत कधीतरी वाचलेलं असणार पण त्या दिवशी पहिल्यांदा फोटोसाठी म्हणून ऐकलं. मी जी कोरी भिंत आणि जे खांब फालतू म्हणून कापत होते तेच सगळं वजन घेत होते. त्यांच्याशिवाय गोल हवेत तरंगत होता आणि फोटो बघताना काहीतरी खटकतंय पण काय ते मला कळत नव्हतं, ते हे होतं.

म्हणून एक नियम ठरवला, कमान जिथून सुटते, म्हणजे गोल जिथून सुरू होतो, तो दगड आणि त्याच्या खालचा पाय जमिनीपर्यंत, हे फ्रेममधे पाहिजेच. वरचं थोडं गेलं तर चालेल, अगदी चावीच्या दगडाच्या वर फार जागा नसली तरी चालते, डोळा गोल पूर्ण करून घेतो. पण खालचे पाय डोळा पूर्ण करून घेत नाही. निदान माझा तरी नाही घेत.

सगळ्यात जास्त वेळ घोडबंदरला गेला. हा किल्ला पोर्तुगीजांचा, 1737 मधे मराठ्यांनी घेतला, खाडीच्या अगदी काठावर. तिथल्या एका दरवाजाची कमान मला फार आवडते पण माझा जुना फोटो उभा आणि जवळून. परत गेले आणि आडवा कॅमेरा धरून मागे मागे सरकत गेले, तेव्हा कमान फ्रेमच्या मधल्या एक तृतीयांश भागात आली आणि दोन्ही बाजूला नुसती भिंत. आधी मला ही भिंत म्हणजे वाया गेलेली जागा वाटली असती. आता ती बघताना मामाचा शब्द आठवला, तो त्या भागाला कमानीचे खांदे म्हणतो. आडव्या फोटोत खांद्यांना जागा मिळते, उभ्यात कधीच मिळाली नव्हती. म्हणजे ज्या मापावर मी महिनाभर वैतागले होते त्याच मापाने कमान जास्त चांगली दिसायला लागली होती.

वसईला दिव्याहून मेमूने गेले, सकाळची. वसई आता पालघर जिल्ह्यात गेली पण आमच्या पिढीला ती ठाणे जिल्ह्यातलीच वाटते, म्हणून कॅलेंडरमधे घेतली. चिमाजी अप्पांनी 1739 मधे जिंकलेला किल्ला, आत पडकी चर्च आहेत, त्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमधे छप्पर नाही पण मोठ्या रुंद कमानी अजून उभ्या आहेत आणि जमिनीत थडग्यांच्या कोरीव शिळा. पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक असल्यामुळे ट्रायपॉड लावायचा तर परवानगी काढावी लागते, त्यामुळे हातातच कॅमेरा. इथे प्रश्न मध्य शोधायचा होता. एकामागे एक कमानी असल्या की तुम्ही वीतभर जरी बाजूला उभे असाल तरी मागची कमान पुढच्या कमानीत तिरकी बसते, आणि हे नंतर क्रॉप करून अजिबात सुधारत नाही, कितीही कापा. मी काय करते ते सांगते, कमानीची जी आतली जाडी असते, म्हणजे गोलाच्या आतली बाजू, ती डावीकडे आणि उजवीकडे सारखी दिसतेय का बघायचं. डावीकडची जास्त दिसत असेल तर तुम्ही उजवीकडे सरकलेले आहात, अर्धं पाऊल डावीकडे या. कॅमेऱ्याची ग्रिड, म्हणजे पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेषा, चालू ठेवायची पण ग्रिडपेक्षा ही जाडी जास्त खरं बोलते. ऊन वर चढायच्या आत, नऊच्या आधी उरकलं, नंतर कमानीच्या आत काळोख आणि बाहेर पांढरं पडतं.

चेंदणीतल्या घराची गोष्ट वेगळी. विटांची अर्धगोल कमान, दारावर, गल्ली एवढी अरुंद की मागे सरकायला पाठीशी भिंत. कॅमेरा वर तिरका करावाच लागला आणि मग दोन्ही पाय वर जाताना आत झुकतात, ते सगळ्यांना माहितीये. स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमधे पर्स्पेक्टिव्हने सरळ केलं, छान सरळ झालं, पण कमान लांबट दिसायला लागली, अंड्यासारखी. घरच्या आजी माझ्या खांद्यावरून बघत होत्या, म्हणाल्या आमचं दार असं नाहीये बाई. मग एक साधी तपासणी सापडली. अर्धगोल कमान समोरून बघितली तर तिची उंची, म्हणजे जिथून सुटते तिथपासून मधल्या विटेपर्यंत, रुंदीच्या बरोबर निम्मी पाहिजे. स्क्रीनवर पट्टी लावली, रुंदी 8 सेंटिमीटर आणि उंची 4.6. म्हणजे मी सरळ करताना वरचा भाग ताणला होता. परत आणून 4 च्या जवळ आणली, पाय थोडेसे आत झुकलेले राहिले, राहू दे म्हटलं, दार खरं दिसतंय. आणि हे सरळ करताना बाजूचे त्रिकोण कापले जातात, म्हणून अशा ठिकाणी फोटो काढतानाच आजूबाजूला भरपूर मोकळं सोडायचं. ही तपासणी फक्त अर्धगोलाला चालते, टोकदार किंवा चपट्या कमानीला नाही.

अंबरनाथचं शिवमंदिर घे असं चार जणांनी सांगितलं, 1060 चं, आपल्या जिल्ह्याचं भूषण, मलाही घ्यायचं होतं. मामा म्हणाला तिथे कमानच नाही. दगड आडवे टाकून आणि थरावर थर पुढे सरकवून केलेलं काम आहे ते, पाचरीचे दगड एकमेकांना दाबून धरतात तसं नाही. तासभर फोटो बघितले आणि पटलं. त्याच्यासाठी वेगळं कॅलेंडर करावं लागेल.

आता आमचा कळव्याचा पूल. तीन पूल शेजारी शेजारी आहेत, त्यातला ब्रिटिशांच्या काळातला दगडी कमानींचा पूल आता गाड्यांना बंद आहे, लोक नव्यावरून जातात आणि त्याच्याकडे बघत पण नाहीत. मला पाण्यात कमानींचं प्रतिबिंब पाहिजे होतं. आधी दोनदा गेले तर एकदा नुसता चिखल आणि एकदा पाणी एवढं चढलेलं की खांब जवळजवळ दिसेचनात. खारेगावचे एक ओळखीचे काका आहेत, त्यांनी हिशोब सांगितला जो माझ्या आजोबांना पण यायचा, तिथीच्या आकड्याची पाऊणपट जेवढे वाजतात ती भरतीची वेळ. अमावास्या पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा, म्हणजे उधाणाची भरती नेहमी दुपारच्या आसपास, तेव्हा ऊन डोक्यावर आणि पाणी खांब गिळून टाकणारं. अष्टमीला सहा, तेव्हा भांग असतो, पाणी कमी चढतं. आणि खाडीत आत यायला पाण्याला अजून थोडा वेळ लागतो. डिसेंबरात सूर्य उगवतो सातच्या सुमारास, म्हणून अष्टमी नाही तर नवमी धरली, नऊची पाऊणपट पावणेसात, वर खाडीचा उशीर.

सव्वासातला पाणी थांबलं. खरंच थांबतं, भरती संपून ओहोटी सुरू व्हायच्या मधे थोडा वेळ खाडी हलत नाही, आणि तेवढ्यात मला कमानी पूर्ण, त्यांचे पाय पाण्याच्या वर हातभर दिसणारे, आणि खाली तेच सगळं उलटं मिळालं. भांगाची भरती होती म्हणून पाय दिसले, उधाणात हे कधीच मिळालं नसतं. मी तिथे चिखलात उभी राहून मामाला फोन लावला, एवढा आनंद झाला होता.

हा फोटो कापायला मात्र तीन संध्याकाळी लागल्या. प्रतिबिंब पूर्ण ठेवायचं तर उंची दुप्पट, मग रुंदीत तीन कमानी घ्याव्या लागतात, आणि दोन्ही टोकांना कुठे कापायचं? खांबाच्या अगदी कडेला कापलं की तो खांब फ्रेमवर रेलल्यासारखा दिसतो, शेवटच्या कमानीचा रेटा कागदाच्या बाहेर ढकलतोय असं. अर्धा खांब ठेवला तर भिंत संपल्यासारखी. शेवटी पुढच्या कमानीच्या पोकळीत कापलं, साधारण पाव कमान आत घेऊन. मग कळतं की पूल पुढे जातोय आणि प्रत्येक खांबाला दोन्हीकडून धरणारं कोणीतरी आहे. पाण्याची रेषा मी बरोबर मधे ठेवली. रेषा मधे घेऊ नये म्हणतात, पण इथे वरचं आणि खालचं दोन्ही तेवढंच महत्त्वाचं होतं.

फायली पाठवल्या, प्रूफ म्हणजे छपाईचा नमुना आला आणि घोडबंदरच्या फोटोत डावा पाय खाली कापलेला. मी जमिनीची अगदी बारीक पट्टी ठेवली होती आणि ब्लीड सोडलंच नव्हतं. कागद कापताना इकडेतिकडे होतो म्हणून चारी बाजूंना 3 मिलिमीटर जास्तीचा फोटो द्यावा लागतो, जो कापला जाणार असं धरूनच चालायचं. मी नेमक्या मापाची फाइल दिली, मशीनवाल्याने ब्लीडसाठी ती थोडी मोठी करून घेतली आणि पाय गेला. सगळ्या सहा फायली परत मूळ फोटोवरून कापल्या, यावेळी आधी 3 मिलिमीटरची चौकट आखून आणि पायाखाली बोटभर जमीन ठेवून.

कॅलेंडर 28 डिसेंबरला आलं. पूल जानेवारी-फेब्रुवारीच्या पानावर आहे. मामाने भिंग घेऊन खांबांचे थर मोजले, पाण्यावरचे आणि पाण्यातले, आणि दोन्ही सारखे आले म्हणून मान हलवली. घोडबंदर जुलै-ऑगस्टला आहे, उजव्या खांद्याला अजून अर्धा इंच भिंत पाहिजे होती असं मला वाटतं, मूळ फोटोत ती आहे, मी ठेवायला पाहिजे होती.